लढाईचा हुकूम कोणी द्यावा?



या मालेत साहित्य, संगीत, संतवाङ्मय यांवर विद्वान मंडळी बोलतात आणि मधूनच एखाद्या संध्याकाळी आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला उभे करतात. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘युद्धाचा अधिकार’ असे सांगितले. त्यांचा समज झाला की आम्ही संपाविषयीच बोलणार आणि युद्ध हा शब्द नुसता अलंकार आहे. तसे नाही. तोफा, जहाजे आणि सैनिक असलेले खरे युद्ध आम्हांला अभिप्रेत आहे. ते सुरू करण्याचा, चालू ठेवण्याचा आणि थांबवण्याचा अधिकार आपल्या देशात कोणाकडे आहे, आणि ज्या संसदेत आपण मते देऊन माणसे पाठवतो तिचा त्यात कितपत हात आहे, एवढाच आजचा विषय.

आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते औद्योगिक न्यायालयाच्या बाकावर आणि राज्यघटनेच्या एका जुन्या मराठी प्रतीवर. आम्ही कलमांचे जे आकडे सांगू ते घरी जाऊन ताडून पाहावेत. कलम वाचायला पदवी लागत नाही, आमच्या वयात चष्मा मात्र लागतो.

विषय दिल्लीचा दिसला तरी त्याची एक गोष्ट आपल्याच किनाऱ्यावरची आहे. अलिबागेच्या समुद्रात कुलाब्याचा किल्ला उभा आहे, ओहोटीला आपण पायी तिथे जातो. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून त्यावर चाल केली आणि दोघेही हात हलवीत परत गेले. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले. पुढे घरात फूट पडली. कुलाब्यास मानाजी आणि विजयदुर्गास तुळाजी अशी वाटणी झाली. तुळाजी पेशव्यांना जुमानीत नव्हता आणि त्यांच्या मुलखाला उपद्रव देई. त्याची वकिली करण्याचे आम्हांला कारण नाही. परंतु त्याचा बंदोबस्त करायचा म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना बोलावले. १७५५ साली रामाजी महादेव यांनी पेशव्यांच्या वतीने मुंबईकर इंग्रजांशी करार केला. त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनची जहाजे आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गाखाली आली, आणि मराठ्यांचे सर्वांत बलाढ्य आरमार नांगरल्या जागी जळून गेले. मदतीला आलेल्या पाहुण्यांनी किल्ला लगेच सोडलाही नाही. काही महिने तो दाबून ठेवला आणि बदल्यात बाणकोट घेतले तेव्हा सोडला.

इतिहासकार याची कारणे पुष्कळ सांगतात, त्यांच्याशी वाद घालण्याइतका आमचा अभ्यास नाही. आम्हांला त्यात एकच गोष्ट दिसते. वसुलाचे आणि आज्ञाभंगाचे भांडण त्या दोन-चार वर्षांचे होते. समुद्र कोणाच्या ताब्यात राहायचा हा प्रश्न पुढच्या शंभर वर्षांचा होता. निर्णय पुण्यात थोड्या माणसांत झाला. त्या आरमाराच्या आडोशाने जगणाऱ्या कोळ्याला, भंडाऱ्याला, खारव्याला किंवा रेवदंड्याच्या व्यापाऱ्याला कोणी विचारले नाही. त्या काळी विचारण्याची रीत नव्हती, हे कबूल. १८४० साली कुलाबा संस्थान इंग्रजांनी खालसा केले तेव्हा अडवायला समुद्रावर कोणीच नव्हते.

रीत नव्हती हे अठराव्या शतकापुरते ठीक. आता १९३९ सालाकडे या. तेव्हा दिल्लीत केंद्रीय विधिमंडळ होते, प्रांतांत निवडून आलेली मंत्रिमंडळे होती. असे असताना ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर करून टाकले. विधिमंडळाला विचारले नाही, पुढाऱ्यांना विचारले नाही. चाळीस कोटींच्या आसपासचा देश एका माणसाच्या सहीने लढाईत गेला. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या सुमारे ९०,००० कामगारांनी एक दिवसाचा युद्धविरोधी संप केला. पगाराची एकही मागणी नसलेला असा संप आमच्या चळवळीत क्वचितच झाला असेल. त्याच महिन्यात मुंबईच्या विधिमंडळात युद्धातील सहभागावर चर्चा झाली, डॉ. आंबेडकरही त्यात बोलले, आणि नोव्हेंबरात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. हिटलरशी लढायला यांतल्या पुष्कळांची ना नव्हती. आम्हांला न विचारता आमच्या नावाने लढाई कशी पुकारली, ही तक्रार होती.

आता ज्या माणसांनी ही तक्रार केली त्यांनीच पुढे दहा वर्षांच्या आत राज्यघटना तयार केली. मग तिच्यात या तक्रारीचे उत्तर काय सापडते? सातव्या अनुसूचीतील केंद्राच्या यादीत पंधरावी नोंद आहे, दोनच शब्दांची: युद्ध आणि शांतता. म्हणजे या विषयावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. चौदावी नोंद परराष्ट्रांशी होणाऱ्या तहांची, तीही संसदेची. त्रेपन्नाव्या कलमात म्हटले आहे की सेनादलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील आणि त्याचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. हे वाचून कोणालाही वाटेल की असा एक कायदा असेलच. आम्ही शोधला. सैन्याच्या शिस्तीचे कायदे आहेत, आरमाराचा आहे, विमानदलाचा आहे; सैनिकाने बटण लावले नाही तर काय शिक्षा, इथपर्यंत तजवीज आहे. परंतु सरकारने लढाई केव्हा आणि कोणाच्या संमतीने सुरू करावी, परदेशात फौज केव्हा धाडावी, आणि धाडल्यावर किती दिवसांत संसदेपुढे यावे, याचा कायदा नाही. दरवाजाला चौकट आहे, कडी आहे, दार कोणी बसवलेच नाही.

परिणामी हा अधिकार मंत्रिमंडळ वापरते. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार आहे, तेव्हा अप्रत्यक्षपणे अधिकार लोकांचाच झाला, असे आम्हांला सांगतात. हे खरे आहे, पण अर्धेच. मंत्रिमंडळाला तरी नेहमी विचारले जाते काय? आपल्या कुलाबा मतदारसंघातून १९५२ साली निवडून गेलेले चिंतामणराव देशमुख यांनी १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडले. त्या वेळी लोकसभेत त्यांनी जी गाऱ्हाणी मांडली त्यांत एक असे होते की एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळात विचारविनिमय न होता झाला. जून १९७५ मध्ये आणीबाणीच्या कागदावर आधी सही झाली आणि मंत्र्यांना सकाळी उठवून सांगण्यात आले. म्हणून तर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हवा अशी अट घातली. त्याच दुरुस्तीने असेही ठरले की युद्ध वा आक्रमणामुळे पुकारलेली आणीबाणी एका महिन्यात संसदेने विशेष बहुमताने मंजूर केली पाहिजे, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा. यातली गंमत ध्यानात घ्या. युद्धामुळे येणाऱ्या आणीबाणीला संसदेची मंजुरी लागते. खुद्द युद्धाला लागत नाही.

दुसरी तशीच. १९५८ साली नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांच्यात करार झाला आणि बंगालमधील बेरुबारी नावाच्या टापूचा अर्धा भाग पाकिस्तानला द्यायचे ठरले. सगळा टापू मिळून नऊ चौरस मैलही नव्हता. प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला आणि १९६० साली न्यायालयाने मत दिले की देशाची भूमी परक्याला द्यायची तर घटनाच दुरुस्त करावी लागेल. त्याप्रमाणे नववी घटनादुरुस्ती झाली. २०१५ साली बांगलादेशाशी छोट्या वस्त्यांची अदलाबदल झाली तेव्हाही शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. हे योग्यच झाले. परंतु चार मैल जमीन द्यायला दोन-तृतीयांश मते लागतात, आणि महाड तालुक्यातल्या फौजी आंबवड्यासारख्या गावची, जिथे पिढ्यान्‌पिढ्या घरोघरचा मुलगा पलटणीत जातो, ती मुले परमुलखात पाठवायला एकाही मताची गरज नाही, हा हिशेब आम्हांला जुळत नाही.

हे काल्पनिक भय नव्हे. २९ जुलै १९८७ रोजी श्रीलंकेशी करार झाला आणि लगोलग आपली फौज तिकडे गेली. संसदेची आधी मंजुरी घेतली नव्हती. गेली ती शांतता राखायला. थोड्याच महिन्यांत ज्यांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्यातल्याच बंदूकवाल्यांशी लढू लागली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे १,२०० जवान कामी आले होते. कशासाठी गेलो, काय साधले म्हणजे परत यायचे, हे आरंभीच भर सभागृहात कोणाला सांगावे लागले असते तर एवढी माणसे वाचली असती असा दावा आम्ही करणार नाही. पण प्रश्न विचारला गेला असता.

उलट बाजूचे उदाहरण आपल्या जिल्ह्याशी जोडलेले आहे. २००३ साली अमेरिकेने इराकवर स्वारी केली. त्या एप्रिलमध्ये लोकसभेने एकमताने ठराव केला. ‘निंदा’ हा शब्द घालायचा की नाही यावर दिवसच्या दिवस खल झाला. शेवटी हिंदी मसुद्यात तो राहिला. त्या वेळी लोकसभेचे अध्यक्ष होते मनोहर जोशी, आपल्या माणगाव तालुक्यातल्या नांदवीचे. पुष्कळांनी तेव्हा थट्टा केली की ठरावाने काय होणार. पण काही आठवड्यांनी अमेरिकेने आपली सुमारे १७,००० ची फौज इराकसाठी मागितली, सरकारातही काहींचे मन डळमळत होते, आणि जुलैत सरकारने नकार दिला. नकाराची कारणे अनेक असतील. त्यांत एकमताचा तो कागदही होता. त्या वर्षी ज्यांची मुले पलटणीत होती त्यांनी त्या शब्दाच्या घोळाला नावे ठेवू नयेत.

इथे आमचे कामगार मित्र विचारतात, की शत्रू दारात आल्यावर संसदेची घंटा वाजवीत बसायचे काय? मुळीच नाही. आमच्या धंद्यातला दाखला देतो. बॉयलर फुटला तर यंत्र बंद करायला कोणी सर्वसाधारण सभा बोलावीत नाही. जवळ उभा असलेला माणूस हात घालतो. पण त्याच संध्याकाळी गेटमीटिंग घ्यावीच लागते. काय झाले, कोण जखमी, काम बंद ठेवायचे की सुरू करायचे, मालकाकडे काय मागायचे, हे तिथे उभे राहून सांगावे लागते, आणि लोक हात वर करतात तेव्हाच पुढचे पाऊल पडते. कमिटी बोलणी करते, सहीदेखील करते. पण कराराला सभेची मान्यता लागते. ज्या पुढाऱ्याने ही रीत मोडली त्याची संघटना फार दिवस टिकलेली आम्ही पाहिली नाही. पहिला तडाखा परतवणे हे सरकारचे काम. दुसऱ्या आठवड्यापासूनची लढाई ही संसदेच्या संमतीची असली पाहिजे.

आणि नोटिशीचे म्हणाल, तर लोकोपयोगी सेवेत संप करायचा तर चौदा दिवसांची नोटीस द्यावी लागे. २०२० च्या संहितेने ती सगळ्याच उद्योगांना लावली आहे. महागाईभत्त्याच्या चार पैशांसाठी चौदा दिवस आधी सांगा असा कायदा करायला संसदेला सवड मिळाली. २०२१ साली दारूगोळ्याचे ४१ सरकारी कारखाने मोडून सात कंपन्या करायचे ठरले, सत्तर हजारांच्या आसपास कामगारांनी संपाची भाषा केली, तेव्हा तो संप बेकायदा ठरवणारा वर्षभराच्या मुदतीचा कायदा गोंधळातच मंजूर झाला. एके काळी एस. एम. जोशी ज्यांच्या महासंघाचे अध्यक्ष होते, ते हे कामगार. बंदूक बनवणाऱ्याला आवरायला कायदा आहे. ती चालवण्याचा हुकूम देणाऱ्यासाठी पंधराव्या नोंदीखाली अद्याप ओळ लिहायची आहे.

आता १९६२ कडे वळतो, कारण आमच्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथे आहे. २० ऑक्टोबरला चीनने हल्ला केला. २६ ला आणीबाणी पुकारली गेली. संसदेचे अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी झाली, अटलबिहारी वाजपेयी हे तेव्हा राज्यसभेतले तरुण सदस्य, तेही मागणाऱ्यांत होते. नेहरूंनी ती मानली आणि ८ नोव्हेंबरला सभागृह भरले. आघाडीवर माणसे मरत असताना दीडशेहून अधिक सदस्य लोकसभेत बोलले, सरकारला नाही नाही ते ऐकवले, आणि १४ नोव्हेंबरला आक्रमकाला हुसकावून लावण्याचा ठराव सर्वांनी मिळून केला. कृष्ण मेनन यांना आधीच जावे लागले होते; त्यांच्या जागी महाराष्ट्रातून यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला, असे तेव्हा घरोघर म्हणत. पुढल्या ऑगस्टात आचार्य कृपलानींनी अविश्वासाचा ठराव आणला; ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला, पण पडण्यापूर्वी सेनेची कापडे, बूट, बंदुका, रस्ते या सगळ्यांचे वाभाडे निघाले. चव्हाणांच्या कारकिर्दीत १९६४ साली संरक्षणाची पहिली पंचवार्षिक योजना झाली, तिला ही पार्श्वभूमी होती. चर्चेने सैन्याचे मनोधैर्य खचते असे म्हणणाऱ्यांनी हे वर्ष वाचावे. ब्रिटनमध्येही मे १९४० मध्ये, हिटलर दारात असताना, पार्लमेंटाने चर्चा करूनच चेंबरलेनना बाजूला सारले आणि चर्चिल आले.

परंतु १९६२ ची दुसरी बाजू लपवणे बरे नव्हे. १९५९ पासून चीनसंबंधीच्या श्वेतपत्रिका सभागृहापुढे येऊ लागल्या आणि सभागृह तापत गेले. इंचभर जमीन सोडणार नाही, अशी भाषा रोजची झाली. १९६० साली चौ एन लाय दिल्लीत आले तेव्हा देवाणघेवाणीला वाव कमी उरला होता, आणि त्याला संसदेतला तो ताप कारण होता. तेव्हा संसदेला अधिकार दिला म्हणजे देश आपोआप शांत होईल, असे आम्ही म्हणत नाही. कधी मंत्र्यांपेक्षा सभागृहच अधिक लढाऊ असते. गेटमीटिंगमध्येही असेच होते; पुढाऱ्याला तडजोड हवी असते आणि मागून कोणी ओरडतो, संप! म्हणून गेटमीटिंग बंद करायची नसते. लोकांसमोर खरी माहिती ठेवायची असते. १९६२ पूर्वी सभागृहाला सीमेवरची चौकी किती दुबळी आहे हे सांगितले गेले नव्हते. मग त्याने बळाच्या गोष्टी केल्या यात नवल काय? त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांचा अहवाल १९६३ पासून आजतागायत सरकारने खुला केलेला नाही. साठ वर्षांनंतरही!

आणि संमती एकदा दिली की ती कशी ताणली जाते तेही पाहा. लढाई नोव्हेंबर १९६२ मध्ये थांबली. आणीबाणी १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. कामगार आणि मालक यांनी ३ नोव्हेंबर १९६२ रोजी औद्योगिक शांततेचा ठराव केला: संप नको, उत्पादन वाढवू, किमती रोखू. आमच्या आधीच्या पिढीतले कार्यकर्ते सांगत की कामगारांनी एक दिवसाचा पगार संरक्षणनिधीला दिला, बायकांनी अंगावरचे मणी दिले. संप थांबले, किमती मात्र थांबल्या नाहीत. भारत संरक्षण नियमांखाली कितीतरी कार्यकर्ते तुरुंगात गेले. आणि सोनारांचे ऐका. जानेवारी १९६३ मध्ये चौदा कॅरेटहून उंची दागिने घडवण्यास बंदी आली ती स्वतंत्र कायद्याने नव्हे, याच संरक्षण नियमांखाली. अलिबागेत, पेणेत, रोह्यात पेढ्या बसल्या, कारागीर देशोधडीला लागले. चिनी फौज हिमालयात, आणि घाव पेणच्या सोनाराच्या भात्यावर! या नियमांना मुदत असती, दर सहा महिन्यांनी सभागृहापुढे यावे लागले असते, तर सोनाराची बाजू मांडणारा कोणी तरी उठला असता.

अलीकडचे दोन प्रसंग थोडक्यात सांगतो. १९९९ च्या कारगिल युद्धात लोकसभा आधीच विसर्जित झालेली होती. काळजीवाहू सरकारने युद्ध चालवले. निदान राज्यसभा तरी बोलवा अशी विरोधकांची मागणी होती. ती मानली नाही. २०२५ साली पहलगाम येथे २६ निरपराध माणसे मारली गेली, त्यांत आपल्या पनवेलचाही एक रहिवासी होता. ७ मे रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू झाले आणि १० मे रोजी लढाई थांबली. खास अधिवेशनाची मागणी झाली. सरकारने सर्वपक्षीय बैठका घेतल्या, आणि लोकसभेत चर्चा झाली ती २८ जुलैला. कारवाई योग्य होती असेच बहुतेक सभासद बोलले. मग अडीच महिने वाट कशाला पाहायची? सर्वपक्षीय बैठक बंद दाराआड होते. तिथे कोण काय बोलले याचे इतिवृत्त छापून निघत नाही, मत पडत नाही, आणि प्रेक्षकांच्या सज्जात कोणी बसत नाही.

लढाईइतकाच तयारीचा प्रश्न मोठा, आणि तो आपल्या किनाऱ्याला अधिक जवळचा आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला ६ लाख ८१ हजार कोटींवर रुपये ठेवले. त्यांत निवृत्तिवेतनच १ लाख ६० हजार कोटींचे. यांतले विमानाला किती, रणगाड्याला किती, जहाजाला किती आणि किनाऱ्यावरच्या पहाऱ्याला किती, हे ठरवणे म्हणजेच देशाचा शत्रू कोण आणि तो कोणत्या वाटेने येईल हे ठरवणे. ११३ व्या कलमाप्रमाणे या मागण्या लोकसभेने मंजूर करायच्या असतात. होतात कशा? पुष्कळदा वेळ संपतो, अध्यक्ष ‘गिलोटिन’ लावतात आणि चर्चा न होता साऱ्या मागण्या एका दमात मंजूर. २०१८ साली तर सगळ्याच खात्यांच्या झाल्या. स्थायी समिती अहवाल चांगले लिहिते, वाचतो कोण?

वाट कोणती ते आपण अनुभवले आहे. १९९३ च्या आरंभी दिघीला आणि श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला रात्री होड्यांतून शस्त्रे आणि स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईत स्फोट होऊन २५७ माणसे गेली. पहारेकरी नव्हते असे नाही. कस्टमचे आणि पोलिसांचे काही लोक पैसे घेऊन गप्प बसले, हे पुढे न्यायालयात शाबीत झाले. म्हणजे देशाच्या कोठारात क्षेपणास्त्रे होती, आणि शेखाडीच्या वाळूवर एक प्रामाणिक शिपाई नव्हता. २००८ साली पुन्हा समुद्रातूनच आले, एक मच्छीमार बोट पळवून. त्यानंतर कोळ्यांना ओळखपत्रे मिळाली, होड्यांना ठरावीक रंग आले. कोळी म्हणजे देशाचे डोळे आणि कान, असे अधिकारी भाषणांत सांगतात. उत्तम. मग किनाऱ्याच्या पहाऱ्याचा पैसा ठरताना या डोळ्यांना काय दिसते ते विचारणारा खासदार आपण पाठवतो काय? की त्याला आपण फक्त रेवसच्या पुलाचे आणि गटाराचेच विचारतो? पुलाचे विचारावेच. पण संरक्षणाच्या मागण्यांच्या दिवशी तो सभागृहात होता काय, हेही विचारावे.

परदेशातले दाखले लांबवीत नाही. अमेरिकेच्या घटनेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, तरी १९४२ नंतर तिने एकदाही तसे पुकारलेले नाही आणि लढाया मात्र अखंड चालू आहेत. व्हिएतनामने पोळल्यावर १९७३ साली साठ दिवसांच्या मर्यादेचा कायदा झाला, त्यालाही अध्यक्ष बगल देतात. तेव्हा नुसता शब्द लिहून भागत नाही. ब्रिटनमध्ये लेखी कायदा नाही, पण २०१३ साली सीरियावरच्या कारवाईचा ठराव कॉमन्स सभेत २८५ विरुद्ध २७२ मतांनी पडला आणि पंतप्रधानांनी ते मानले. जर्मनीत १९९४ साली न्यायालयाने सांगितले की फौज परदेशी लढाईवर धाडण्यापूर्वी संसदेची संमती हवी, आणि २००५ साली तसा कायदा झाला. सर्वांत स्वच्छ आम्हांला हाच वाटतो.

गुप्ततेचे काय, असे कोणी विचारील. लोकसभेच्या नियमांत गुप्त बैठकीची तरतूद आहेच. सरकारकडे बहुमत असताना मत घेऊन काय उपयोग, हाही आक्षेप ऐकतो. सरकारला पाडणे हा मताचा उद्देशच नव्हे. मत मागायचे तर कशासाठी लढतो आणि कुठे थांबणार ते लिहून द्यावे लागते, आणि ते छापून राहते. विधवेच्या हातात पेन्शनचा कागद पडतो. तिच्या नवऱ्याला कोणत्या कारणासाठी धाडले, याचाही एक कागद देशाच्या दप्तरात असावा.

म्हणून मागणी साधी आहे. पंधराव्या नोंदीखाली संसदेने एक छोटा कायदा करावा. आक्रमण परतवायला सरकारला मोकळीक असावी. सात दिवसांत दोन्ही सभागृहांपुढे ठराव यावा. लोकसभा नसेल तर राज्यसभा बसावी. परमुलखात फौज धाडायची तर संमती आधी घ्यावी. दर साठ दिवसांनी हिशेब द्यावा. आणि युद्धाच्या नावाने जे नियम निघतील ते सहा महिन्यांत आपोआप मरावेत.

आमच्या संघटनेने या आशयाचे पत्र खासदारांना द्यायचे ठरवले आहे. त्याच्या प्रती मंडपाच्या मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. सात दिवस कमी वाटत असतील तर तिथेच खोडून चौदा करा, संप करणाऱ्यालाही तेवढेच असतात. ज्यांना मुळातच पटले नसेल त्यांच्यासाठी अध्यक्षांनी प्रश्नोत्तरांना अर्धा तास दिला आहे.